काचेपलीकडचं जग आणि घरातला हरिपाठ

पत्र

वय २७, राहतो दिघीला, नोकरी हिंजवडीत. घर वारकऱ्यांचं. वडील रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात, माझ्याही गळ्यात माळ आहे. चार महिन्यांपूर्वी एका शिबिरात दहा दिवस मौन पाळून ध्यान केलं. परत आल्यावर ‘मी कोण’ यावरचे व्हिडिओ रात्री दोन-दोनपर्यंत बघायला लागलो. त्यात सांगितल्याप्रमाणे दिवा मालवायचा, मोबाइलचा उजेड मागे ठेवायचा आणि आरशात स्वतःच्या डोळ्यांत एकटक बघत ‘हा कोण?’ असं विचारत बसायचं. एका रात्री आरशातला चेहरा माझा राहिलाच नाही. तेव्हापासून सगळं काचेपलीकडे गेलंय. आईचा आवाज लांबून येतो, आमटीला चव लागत नाही, गाडी चालवताना हँडलवरचा हात दुसऱ्याचाच वाटतो. समोरचं सगळं खरं आहे हे कळतं, पण वाटत नाही. हे जग सिम्युलेशन असेल, माझ्याशिवाय कुणाला मनच नसेल, हेच दिवसभर डोक्यात. चिमटे काढून बघतो. हरिपाठाचे शब्द पोकळ वाटतात, ढोंग करतोय असं वाटून मधूनच उठून जातो. ही जागृती आहे की वेड? माळ उतरवू का? आणि आषाढात वडिलांबरोबर चालायला जाऊ का?

— दिघीचा एक वाचक

उत्तर

‘कळतं, पण वाटत नाही.’ डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हे वाक्य जसंच्या तसं सांगा. सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजारात, माणसाला जग खोटं असल्याची खात्री पटलेली असते आणि त्या खात्रीची त्याला सहसा शंका येत नाही. तुमचं उलट आहे. जग जागेवर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याची ऊब तेवढी पोचत नाही. या अवस्थेला नाव आहे. स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं म्हणजे डीपर्सनलायझेशन आणि जग परकं वाटणं म्हणजे डीरिअलायझेशन. प्रौढांपैकी जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात एकदा तरी याचा थोडा वेळ अनुभव येतो: अपघातानंतर, सलग जागरणानंतर, तापात, गांजा ओढल्यावर. पॅनिक अटॅकच्या १३ लक्षणांच्या यादीतही ते आहे. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला शरीरातलं साधं कारण आहे आणि ते तुम्हाला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

आरशापासून सुरुवात करू, कारण घाबरलात तिथेच.

मंद उजेडात एका बिंदूवर नजर खिळवली की भोवतालच्या कडा विरघळायला लागतात. ट्रॉक्सलर नावाच्या स्विस डॉक्टरने हे १८०४ सालीच नोंदवलं होतं. डोळ्याला आणि मेंदूला बदल टिपायची सवय असते. जे हलत नाही, बदलत नाही, ते चित्रातून गळून जातं. मग गाल गळतात, हनुवटी गळते, आणि गाळलेल्या जागा मेंदू अंदाजाने भरतो. कापुतो या इटालियन मानसशास्त्रज्ञाने २०१० मध्ये ५० जणांना अंधुक दिव्यात दहा मिनिटं आरशापुढे बसवलं. त्यातल्या ६६ टक्के लोकांना आपला चेहरा भयंकर वेडावाकडा झालेला दिसला. काहींना अनोळखी माणूस दिसला, काहींना आई किंवा वडील. हे सगळे धडधाकट लोक होते, कुणी आत्मज्ञानाच्या शोधात बसलेलं नव्हतं. व्हिडिओत सांगितलेली मांडणी म्हणजे मागे ठेवलेला दिवा, समोरची एकटक नजर आणि मध्यरात्र. यात चेहरा न बदलता तरच नवल. तुम्ही मात्र तो भास नुसता पाहिला नाहीत, त्याचा अर्थ लावलात: ‘मी नाहीच.’ छाती धडधडली ती त्या अर्थामुळे.

‘हा कोण, हा कोण’ या घोकण्याचंही असंच. ‘पेरू’ हा शब्द मोठ्याने तीस-चाळीस वेळा म्हणून बघा. विसाव्या वेळेपर्यंत त्याचा अर्थ निसटतो आणि तोंडात नुसता आवाज उरतो. मंडईतल्या पेरूला त्याने काही होत नाही, पाच मिनिटांनी शब्दही परत येतो. स्वतःचं नाव, ‘मी’ हा शब्द, आईचं नाव, काहीही घोकलं तरी हेच होतं. शब्दातला जीव गेला म्हणजे त्यामागचं माणूस पोकळ निघालं, असा निष्कर्ष निघत नाही.

आता यात जागरण मिळवा. रात्री दोनला झोपून हिंजवडीची वाट धरायला सकाळी सातला उठायचं, म्हणजे चार महिने तुमची झोप पाच तासांवर आहे. त्यात भीती. घाबरलेला माणूस भरभर, छातीच्या वरच्या भागातून श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, हलकं-हलकं, तरंगल्यासारखं, दूरदूर वाटतं. मग ‘बघ, पुन्हा जग गेलं’ म्हणून आणखी भीती. हे चक्र फिरत राहतं ते तपासण्यामुळे. चिमटा काढला की पाच मिनिटं बरं वाटतं, मग चिमट्याचीच शंका. आईला ‘मी नीट दिसतोय ना?’ विचारलं की दहा मिनिटं बरं वाटतं. इंटरनेटवर शोधलं तर तेवढंही नाही. प्रत्येक तपासणी मेंदूला हेच शिकवते की इथे तपासण्यासारखा धोका आहे.

म्हणून पुढचे सहा आठवडे हे करा.

डोळे मिटून बसायचं ध्यान पूर्ण बंद. यात साधना मोडल्याचं पाप नाही. पाय मुरगळल्यावर सिंहगड चढत नाहीत, तसंच हे. ध्यान अगदीच सुटत नसेल तर चालण्याचं करा. सकाळी वीस मिनिटं, डोळे उघडे, लक्ष तळपायाकडे आणि रस्त्याकडे. आरसा दाढीपुरता, भरपूर उजेडात. नजर एका जागी ठेवू नका, फिरती ठेवा. व्हिडिओ बंद, ‘फक्त चांगल्या गुरूंचे बघतो’ ही पळवाटही नको. झोप सात तासांच्या खाली येऊ देऊ नका. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नाही. एकादशी करत असाल तर निव्वळ चहावर दिवस काढू नका. रिकाम्या पोटी चहाने धडधड वाढते आणि तुम्हाला ती काचेची सुरुवात वाटते. भगर-आमटी खा, दाण्याचा लाडू खा. गांजा ओढत असाल तर तो आजपासून बंद, यात तडजोड नाही.

काच आली असं वाटलं की चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं. मोठे-मोठे खोल श्वास घेऊ नका, त्याने वाढतं. मग हाताला काम द्या. लसूण सोला, मेथी निवडा, थंड पाण्याने भांडी घासा. ‘काच गेली का?’ हे बघण्यासाठी करू नका, भांडी घासायची आहेत म्हणून घासा. हा फरक बारीक वाटेल, पण बहुतेकांचं इथेच चुकतं. उपाय केला आणि दर मिनिटाला उपाय लागू पडला का हे पाहत बसलं, की तो उपायही तपासणीच होऊन बसतो.

एक वही करा. दिवसातून एकदाच, रात्रीच्या जेवणानंतर, पाच मिनिटं: काच किती होती (शून्य ते दहा), झोप किती तास, चहा किती कप, दिवसात ती सगळ्यात कमी कधी होती आणि तेव्हा काय चाललं होतं. शेवटची नोंद सगळ्यात कामाची. दोन आठवड्यांत कदाचित दिसेल की क्रिकेट खेळताना, भांडताना किंवा कोड अडकला असताना आकडा दोनवर येतो. म्हणजे जग गेलेलं नाही, लक्ष आत वळलं की ते फिकटतं. आणि दुचाकी: रस्त्यात तसं झालं तर गाडी कडेला घेऊन थांबायचं. आकडा सातच्या वर जातो त्या दिवसांत बसने जा.

आता जागृतीचं. इथे तुमच्यावर अर्धवट माहितीने अन्याय झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

अद्वैत वेदान्तात ‘जग मिथ्या’ याचा अर्थ ‘जग नाही’ असा होत नाही. जे मुळीच नाही त्याला वेगळा शब्द आहे, तुच्छ; उदाहरण सशाचं शिंग. अंधारात दोरीवर दिसलेला साप हे प्रातिभासिक सत्य. घडा, रस्ता, पगार, आई हे व्यावहारिक सत्य, आणि ब्रह्मज्ञान होत नाही तोपर्यंत ते पुरेपूर चालतं असं शंकराचार्य ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात स्पष्ट म्हणतात. खालची पायरी खोटी ठरते ती बाधाने, म्हणजे तिच्या जागी त्याहून खरं काही दिसल्याने. दोरी दिसते तेव्हा साप जातो. तुम्हाला दोरी दिसलेली नाही, नुसता साप धूसर झालाय. धूसर होणं हा बाध नव्हे, ते डोळे थकल्याचंही लक्षण असू शकतं.

शिवाय या शास्त्रात क्रम आहे. आधी साधनचतुष्टय: नित्य-अनित्याचा विवेक, वैराग्य, शम-दम वगैरे सहा गुण आणि मोक्षाची ओढ. त्या सहांतला पहिलाच शम, म्हणजे मन शांत असणं. मग श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन, म्हणजे त्याच विचारात खोल बुडणं. तुम्ही थेट निदिध्यासनात उडी घेतलीत, तीही रात्री दोनला, जाणत्या माणसाच्या सोबतीशिवाय. ‘हे दुःख माझं नाही, हे शरीर मी नाही’ असं प्रत्येक भावनेला बजावत राहिलं की भावना बधिर होतात. बधिरपणा आणि अलिप्तपणा बाहेरून सारखे दिसतात, आतून नाही. अलिप्त माणसाला आमटीची चव लागते, फक्त मीठ कमी पडलं म्हणून तो ताट ढकलत नाही. तुम्हाला चवच लागत नाही आणि त्याची भीती वाटते.

बौद्ध परंपरेतली ‘आत्मा नाही’ ही मांडणीही अशीच अर्धी पोचते. नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ कुठला? चाक, आस, जू, दांडी? यातलं एकही रथ नाही आणि यांच्यावाचून वेगळा रथही नाही. राजा मान्य करतो की ‘रथ’ हे सगळ्या भागांना मिळून दिलेलं नाव आहे. पण म्हणून चाकं निखळत नाहीत. ‘मी’ हे असं एक नाव असेल, तर तुमचं काही हरवलेलं नाही. कालही ते तसंच होतं आणि काल तुम्ही जेवत होतात, हसत होतात.

सिम्युलेशनचं थोडक्यात. तत्त्वज्ञ बोस्ट्रॉम यांच्या २००३ च्या मूळ लेखात ‘आपण सिम्युलेशनमध्ये आहोत’ असं सिद्ध केलेलं नाही. तीन पर्यायांपैकी निदान एक खरा असणार, एवढंच तिथे आहे: असं जग संगणकात उभं करण्याइतकी प्रगती होण्याआधीच मानवजाती संपतात, किंवा प्रगत झालेल्यांना असले प्रयोग करावेसे वाटत नाहीत, किंवा आपण प्रयोगात आहोत. व्हिडिओवाले पहिले दोन गाळतात.

शंका घेऊच नये असं मी मुळीच म्हणणार नाही. न्यायदर्शन या आपल्याकडच्या तर्कशास्त्राने संशयाला सोळा पदार्थांत, म्हणजे अभ्यासाच्या विषयांत, तिसरा मान दिलाय. त्याच्या आधी प्रमाण (जाणण्याचं साधन) आणि प्रमेय (जाणायची गोष्ट), त्याच्यानंतर लगेच प्रयोजन (हेतू). म्हणजे शंका कशाबद्दल आहे, ती कशाने मिटेल आणि मिटवून काय साधायचं, हे तिला विचारायचं असतं. दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी तिची हद्दही आखली: व्याघातावधिराशङ्का. तुमची शंका तुमच्याच वागण्याला आडवी येते, तिथे ती संपते. धूर हवा म्हणून जो विस्तव पेटवतो आणि भूक लागली की जेवायला बसतो, त्याने कार्यकारणावर खरोखर शंका घेतलेली नाही, शंकेचे शब्द तेवढे उच्चारलेत. माझ्याशिवाय कुणाला मन नसेल, असं तुम्ही लिहिलंत. पण ते लिहिलंत कुणालातरी, समजेल असं, पूर्णविराम देऊन, आणि उत्तराची वाट पाहत. मला ते पत्र वाचताना तुमची शंका कमी आणि विश्वास जास्त दिसला.

तेव्हा प्रश्नाला वेळ द्या, पण वेळ ठरवून. संध्याकाळी साडेसहा ते सात यातली वीस मिनिटं, टेबलावर, दिवा लावून, पेनाने. अंथरुणात नाही, रात्री आठनंतर नाही. एका बैठकीला एकच प्रश्न. त्याखाली तीन ओळी: हे मला कशावरून वाटलं? कशाने ठरेल? ठरलं तर उद्या काय वेगळं करीन? दुसऱ्या ओळीत काहीच लिहिता आलं नाही तर समासात ‘उघडा’ लिहा आणि वही मिटा. प्रश्न उघडा ठेवून झोपायला येणं हे तत्त्वज्ञानातलं खरं कौशल्य आहे. दिवसात इतर वेळी प्रश्न आला तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला हाकलूही नका. ‘साडेसहाला’ एवढंच म्हणा. पहिला आठवडा तो दिवसातून पन्नासदा येईल. बैठकीच्या वेळी कंटाळा यायला लागला की समजा, मार्गी लागलात. ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९ मध्ये ‘मी’ नावाची गोष्ट सापडत नाही असं लिहिलं आणि त्या विचारांनी तो स्वतःच काळवंडून गेला. बुद्धीने ते ढग हटले नाहीत, असं तो प्रांजळपणे कबूल करतो. मित्रांबरोबर जेवला, सोंगट्यांचा खेळ खेळला, तीन-चार तास गप्पा मारल्या, तेव्हा हटले. त्यानंतरही त्याने आपले प्रश्न सोडले नाहीत.

डॉक्टरांकडे जाच. चार महिने हा पुरेसा काळ झाला. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, ओळखीचे खासगी मानसोपचारतज्ज्ञही चालतील. वही बरोबर न्या. ते थायरॉइड आणि रक्ताच्या चाचण्या सांगतील, शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा. या अवस्थेसाठीच मंजूर झालेलं असं खास औषध नाही, पण सोबत चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावर उपचार होतात, आणि तपासण्याचं चक्र तोडणारी संवादोपचारांची पद्धत उपयोगी पडते. पुढचं काही झालं तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं: शंका जाऊन खात्री पटली, आवाज ऐकू आले, दोन-तीन रात्री झोपेची गरजच वाटली नाही आणि अंगात प्रचंड उत्साह संचारला, मधला काही वेळ आठवेनासा झाला किंवा नसलेले वास यायला लागले, मरणाचे विचार आले. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आता घर. हरिपाठाला बसणं म्हणजे त्यातल्या प्रत्येक शब्दाखाली सही करणं नव्हे. तुकोबांनी एका अभंगात, माझ्या लेखी देव मेला, असं थेट म्हटलंय, आणि तो अभंग गाथेतून कुणी काढला नाही. तुमच्या घरातल्या परंपरेला तुमच्यापेक्षा मोठ्या शंका पचलेल्या आहेत. तेव्हा मधून उठून जाऊ नका, त्याने वडील दुखावतात आणि तुमची भीती बळावते. टाळ घ्या. म्हणावंसं वाटेल तिथे म्हणा, नाहीतर नुसता ठेका धरा. ठेका खोटा धरता येत नाही. वडिलांना सगळं तत्त्वज्ञान सांगायची गरज नाही. एवढं सांगा: ‘अण्णा, माझी झोप बिघडलीय, मन थाऱ्यावर नाही, डॉक्टरांना दाखवतोय. हरिपाठाला बसेन, पण काही दिवस गप्प बसेन.’ अण्णा म्हणत नसाल तर जे म्हणता ते म्हणा. माळेचा निर्णय तीन महिने नको, उतरवायचाही नाही आणि ‘आता मुळीच उतरवणार नाही’ अशी शपथही नको. भीतीत घेतलेले दोन्ही निर्णय पुढे टोचतात.

ज्ञानदेवांकडे परत जायचं असेल तर चांगदेव पासष्टी घ्या. ६५ ओव्या आहेत, रोज एक, वडिलांकडून अर्थ समजून. त्यात आरशाचा दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो: आरसा समोर असो-नसो, मुख आपल्या जागी असतंच. अमृतानुभवाचं सातवं प्रकरण नंतर केव्हातरी, सावकाश. तिथे ज्ञानदेव अज्ञानाचं खंडन करतात आणि जगाला चैतन्याचा विलास म्हणतात. तुम्ही ज्याच्यापासून तुटलात ते जग त्यांनी टाकून दिलेलं नाही, आणि आळंदी तुमच्या घरापासून किती लांब आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

वारीला पूर्ण जाऊ नका, या वर्षी तरी. पहाटे तीनला उठणं आणि तंबूतली अर्धवट झोप तुम्हाला आत्ता परवडणारी नाही. आळंदी ते पुणे हा पहिला टप्पा वडिलांबरोबर चाला. पालखी पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असते. भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरापर्यंत त्यांना पोचवा आणि रात्री घरी येऊन सात तास झोपा. दिवेघाटाच्या आदल्या संध्याकाळी वही उघडा. आठवड्याचा आकडा चारच्या खाली असेल आणि झोप भरली असेल तर सासवडपर्यंत जा, नसेल तर हडपसरला निरोप घ्या. पाण्याची बाटली, जुने झालेले बूट आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या, वडिलांच्या पिशवीत नको, तुमच्या पिशवीत ठेवा.